ज्या पायाला चटका बसेना

टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. नाम झालं, गळे मोकळे झाले. आता मला तुमचं डोकं हवंय.

मंडळी, एक प्रश्न घालतो. ज्याला काही म्हणजे काहीच दुखत नाही, त्याच्यावर देवाची कृपा असते. खरं की खोटं?

मागून आवाज आला, "खरं!" कोण ते? खांबाला टेकलेले? बसा, नीट बसा. मी तुमच्यासाठीच आलोय.

येताना तुमचे अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. म्हणाले, "बुवा, देवाचं सांगा, दवाखान्याचं नको. लोक उठून जातात." अध्यक्षसाहेब, मी दवाखान्याचंच सांगणार! पुढच्या साली बोलावू नका हवं तर. आणि ज्याला उठायचंय त्यानं आत्ताच उठावं, चपला सापडतील एवढा उजेड आहे... कोणी नाही? मग ऐका.

खडकवेल नावाचं गाव. तिथं भैरोबाचं ठाणं. जत्रेला देवळापुढं दहा हात लांब चर खणायचा, बाभळीची लाकडं पेटवायची, निखारे पसरायचे आणि दिवस कलला की अनवाणी त्यावरून जायचं. इंगळ तुडवणं म्हणतात त्याला. भरभर जायचं हं! मध्येच उभं राहून पाव्हण्यांची विचारपूस करायची नाही.

पहिल्या पावलाचा मान धुमाळांच्या घराचा. घरचा कर्ता हैबतराव, गावाचे हैबतनाना. वय बावन्न. आवाज असा, की नानांनी आपल्या बैलाला हाक मारली तर शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. आणि ह्या एवढ्या गड्याचं एक गुपित होतं. पायाला भयंकर गुदगुल्या! लग्नात सासऱ्यानं पाय धुवायला घेतले, तर नवरदेव खदखदा हसत सुटला. पाय मागं ओढला, तांब्या लवंडला, सासऱ्याचं धोतर भिजलं. त्यांची बायको हौसाबाई तीस वर्षं हे सांगून हसायची. ही गोष्ट गाठीला बांधा. मी परत मागणार आहे.

एका जत्रेला काय झालं? नाना इंगळावर उतरले आणि पळालेच नाहीत. चालले. मध्यावर थांबले, देवाला हात जोडले, मग सावकाश बाहेर आले. तोंडावर आठी नाही! कोणी विचारलं, "नाना, चटका?" नाना म्हणाले, "कसला चटका? फुलावरनं आलो."

गाव वेडं झालं. त्याच दिवशी तिथं एक बुवा कीर्तनाला आला होता. फेटा नवा, अक्कल अर्धी. त्यानं गादीवरून हात उंचावून सांगितलं, "बघा भक्ती! अग्नीसुद्धा ज्याला शिवत नाही, तो खरा भक्त!" टाळ्याच टाळ्या.

घरी आल्यावर हौसाबाईनं तळवा पाहिला. अग्नी शिवला नव्हता म्हणे, पण फोड मात्र लिंबाएवढे! एरवी आठ दिवसांत भरणारी जखम दसरा उलटला तरी ओली. आणि मग एकेक सुरू झालं. तहान! तांब्या पुरेना, उशाशी कळशी आली. रात्रीतून पाच-पाचदा उठणं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डोळ्यांपुढं धूसर. दुपारी औत सोडलं की माणूस मेल्यासारखा झोपायचा.

हौसाबाई विचारायची आणि नानांकडं कारण तयार. तहान का लागते? ऊन आहे. सारखे का उठता? पाणी प्यालो. वाळलात का? उपास धरलेत. दिसत का नाही? चष्मा जुना झाला. नाना रात्री लघवीला उठायचे त्या मोरीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली, तर नानांनी काय म्हणावं? "पुण्यवानाच्या घरीच मुंग्या येतात!"

हसता काय? तुमचं कारण तुमच्या खिशात आहे, मला इथून दिसतंय.

एकदा नाना शेतातून आले, ओसरीवर पाय पसरून बसले. हौसाबाई ओरडली, "आवं, ह्ये काय?" टाचेत बाभळीचा काटा. अख्खा आत! सकाळपासून हा गडी त्यावर चालत होता. नाना हसले. म्हणाले, "बघ, बुवा बोललं ते खरं. काटा बी बोचंना मला."

नाना धन्य झाले, पण हौसाबाईनं काटा उपसला आणि तो पाय मांडीवर घेऊन बघत बसली. मंडळी, बाईला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण नवरा ठाऊक होता. ज्या पायाला तांब्यातलं पाणी सहन होत नव्हतं, त्याला काटा कळत नाही?

ती उठली आणि उपकेंद्रात गेली, प्रमिला सिस्टरकडं. सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, साखरेचा आजार असंल. आणा त्यांना. बोटाला एक थेंब, मिनटाचं काम."

"पर त्यास्नी गोडाची आवड न्हाई."

"आजार आवड विचारून येत न्हाई, मावशी. अंगात साखर वाढून ऱ्हायली की पायाच्या शिरा बधिर व्हत्यात. मग भाजलेलं कळत न्हाई, कापलेलं कळत न्हाई, आन् जखम आतनं सडत जाती. पाय कापायची पाळी येती."

ती घरी आली, हातापाया पडली. नाना म्हणाले, "अगं, मी भैरूबाचा मानकरी. मी बोट पुढं केलं तर गाव म्हनंल, नानाचा देवावरचा भरवसा उडाला. आन् बुवांनी सोता सांगितलंय."

बघा, बुवानं कुठं नेऊन घातलं माणसाला!

पुन्हा जत्रा आली. चर पेटला, निखारे लाल झाले, हलगी कडाडली. नाना अंघोळ करून, कोऱ्या धोतरानं आले. आणि चराच्या तोंडाशी कोण उभं? हौसाबाई! पदर खोचलेला, हातात कोंबडीचं पीस. शेजारी प्रमिला सिस्टर, हातात छोटं मशीन.

हलगी थांबली. म्हातारे गुरव पुढं आले. "हौसे, बाजूला हो. बाईमाणसानं मान अडवायचा नसतो."

"मान तुमच्या देवाचा, गुरवकाका. पाय माझ्या मालकाचा हाय. न्हाई सरकत."

"पयलं पाऊल पडलं न्हाई तर गावाला भोवंल!"

"भोवू दे. एवढ्या गावातनं माझ्या घरात पानी भरायला कोन येनार हाय, ह्येंचा पाय गेल्यावर?" मग ती नवऱ्याकडं वळली. "धनी, तुमच्यावर देवाची किरपा हाय ना? मग माझी एक परीक्षा द्या. देवापुढं डोळं मिटून बसा. मी ह्ये पीस तळव्याला लावते. लावलं की 'हां' म्हना. एवढंच."

लोक हसले. नानांच्या गुदगुल्या गावाला माहीत होत्या! नानाही हसले, पायरीवर बसले, पाय पुढं केला, डोळे मिटले.

हौसाबाई वाकली. पीस टाचेवरून फिरवलं. बोटांच्या बेचक्यातून फिरवलं. तळव्याच्या मधोमध फिरवलं, उलटं, सुलटं. लोकांचं हसू हळूहळू थांबलं.

आणि डोळे मिटलेले नाना म्हणतात, "अगं, कर की सुरू!"

हौसाबाई रडत होती. म्हणाली, "कवाच झालं, धनी."

नानांनी डोळे उघडले. पीस पायावरच होतं. नाना पिसाकडं बघतात, पायाकडं बघतात. तीस वर्षांत पहिल्यांदा हा गडी घाबरला.

गुरव तरी पुटपुटले, "पर पाऊल..." तशी हौसाबाई उसळली. तरातरा चराकडं गेली आणि आपलं पाऊल निखाऱ्यावर टेकवलं. टेकवलं तसं झटक्यात मागं! "भाजलं गं आई!" एका पायावर नाचते आहे बाई, डोळ्यांत पाणी, आणि ओरडून सांगते आहे, "बगा! मला भाजलं! ह्याला किरपा म्हनत्यात! देवानं माझा पाय बोलता ठेवलाय. ह्येंचा पाय मुका झालाय, आन् तुम्ही हलगी वाजवताय!"

सांगा मंडळी, काय उत्तर द्यायचं ह्याला? आहे कोणाकडं?

नानांनी मुकाट्यानं बोट पुढं केलं. सिस्टरनं टोचलं, थेंब मशीनला लावला. तीनशे चाळीस! सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, तरी तीनशे चाळीस. सिस्टर म्हणाली, "आता थांबायचं न्हाई. तालुक्याला पक्की तपासणी करायची, उद्याच." तालुक्याच्या डॉक्टरांनी हातमोजे घालून पायाची बोटं फाकवली. करंगळीच्या खाली जखम, वरून सुकलेली, आतून हाडापर्यंत गेलेली. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "परत निखाऱ्यावर गेला असतात तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता." करंगळी गेली, पाय राहिला. आज नाना औत धरतात, गोळ्या घेतात, पथ्य पाळतात, आणि रोज संध्याकाळी हौसाबाई दिव्यापाशी त्यांचे तळवे बघते.

आणि तो चर? तसाच विझला. पहिलं पाऊल पडलं नाही. त्या साली पाऊस पडला, ज्वारी आली, पोरांची लग्नं झाली. गावाला काही भोवलं नाही.

आता राहिला तो नव्या फेट्याचा बुवा. त्या दिवशी तोही तिथं होता, गादीशेजारी उभा. हौसाबाई त्याच्यापुढं आली आणि म्हणाली, "म्हाराज, तुमच्या एका वाक्यानं माझ्या नवऱ्याचा पाय गेला तर तो तुम्ही परत द्याल का?" बुवानं नवा फेटा उतरवून हातात घेतला.

मंडळी, तो बुवा मी.

लपवून काय करू? टाळ्या मी घेतल्या आणि करंगळी नानांची गेली. त्याच दिवशी मी सिस्टरपुढं बोट धरलं, लाज वाटली म्हणून. मला ना तहान, ना मुंग्या, ना वाळलो होतो. तरी साखर वाढलेली निघाली! आठ वर्षं गोळी घेतोय आणि तुमच्यापुढं दोन-दोन तास नाचतोय. तेव्हापासून ठरवलं, जिथं गादी मिळेल तिथं हे आख्यान सांगणार. कोणाला आवडो, न आवडो.

देवळाच्या उत्तर दाराशी टेबल मांडलंय. तुमच्याच उपकेंद्राची सिस्टर बसली आहे. प्रसादाची रांग तिथूनच जाणार, मी आचाऱ्याला सांगून ठेवलंय. आधी बोट, मग बुंदी. आणि ज्याचा आकडा वाढलेला निघेल त्यानं बुंदी राहू द्यावी, ती देवाला पावली!

आणखी एक. कीर्तन संपलं की तुम्ही माझ्या पाया पडायला येता. आज येऊ नका. कोणी तळव्याला हात लावला तर मी पाय मागं ओढणार, मला गुदगुल्या होतात, देवाची कृपा! आज घरी जा, दिवा जवळ घ्या आणि स्वतःच्या पायाशी वाका. बोटांच्या बेचक्यांत बघा. दिसत नसेल तर बायकोला बघू द्या, आणि तिचे तुम्ही बघा. इतकी वर्षं ज्या पायानं तुम्हाला वाहिलं, त्याला एकदा विचारा तरी, बाबा, तुला अजून दुखतं ना?

चला, टाळ उचला. आणि ते मघाशी "खरं" म्हणाले ते, खांबाजवळचे... हो, तुम्हीच. मघापासून तीनदा तांब्या तोंडाला लावलात, दोनदा बाहेर जाऊन आलात. मी कीर्तन करतो, पण डोळे उघडे ठेवून करतो. उठा. आम्ही नाम घेतो, तोवर तुम्ही उत्तर दाराशी जाऊन या. तुम्ही परत येऊन बसेपर्यंत हा गजर थांबणार नाही.