निंगव्वांचा तोडा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती डॉक्टर वैरागकर, वैरागकर वहिनी, आणि चहाचा वास आल्यापासून माझ्याकडे जरा रागानेच पाहणाऱ्या सोलापूरकर बंधुभगिनींनो,

मी हाडांचा डॉक्टर. वैरागकरांनी एक्स-रे वाचायचे आणि मी प्लास्टर घालायचं, असा आमचा संसार इतकी वर्षं चालला. संसारात शेवटचा शब्द कुणाचा असतो, हे इथल्या विवाहितांना मी काय सांगावं?

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. अक्कलकोटकडचे आडतदार मडिवाळप्पा पत्नीला, निंगव्वांना, घेऊन आले. दोघंही दुसऱ्या रांगेत बसले आहेत. अण्णा, लाजू नका! विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. पायऱ्या उतरताना निंगव्वांचा घोटा दुखावला. फोटो काढायचा म्हटल्यावर बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि प्रसन्न चेहऱ्याने बसल्या! निघाला तो पायाचा फोटो, आणि नेमका दुखऱ्या जागेवर चांदीचा तोडा. नुसता पांढरा पट्टा, खालचं काही कळेना.

"मुरगाळलंय नुसतं की, साहेब," मडिवाळप्पा म्हणाले. "मोडल्यालं कुटं दिसतंय? पट्टी बांदा, जातो."

"दिसत नाही आणि नाही, यांत फरक आहे," वैरागकर म्हणाले. "तोडा काढा."

"ब्याडरी, नको!" निंगव्वांनी पाय आखडून घेतला. "सासूनं घातल्याला हाय. मालक समोर बसल्यात आन् पाय मोकळा करू व्हय?"

मंडळी, हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भेग असती आणि बाई तशाच घागरी वाहत राहिल्या असत्या, तर हाड सरकून जन्माचं लंगडेपण आलं असतं. मी व्याख्यान द्यायला तोंड उघडलं. वैरागकरांनी मला हातानेच थांबवलं आणि बाईंना विचारलं, "तोडा मालकांच्या पायात राहिला, तर चालेल?"

निंगव्वा पदर तोंडाला लावून हसल्या. "चालतंय की!"

झुपकेदार मिशांच्या मडिवाळप्पांनी धोतर वर घेऊन पाय पुढे केला. दुसऱ्या फोटोत घोट्याच्या बाहेरच्या हाडात केसाएवढी तिरपी भेग स्पष्ट दिसली. मी प्लास्टर घातलं. पण प्लास्टरवर तोडा बसतो कुठला? ते निघेपर्यंत अण्णा तोडा घालूनच आडतीत बसले आणि गिऱ्हाइकं सौदा सोडून खाली वाकून बघू लागली.

मघाशी औक्षणासाठी निंगव्वा या पायऱ्या चढून आल्या. धंद्याची खोड, मी पावलांकडेच पाहत होतो. दोन्ही पावलं सारखी पडत होती, आणि दोन्ही पायांत तोडे होते.

वैरागकर, उद्यापासून एक्स-रेच्या त्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही दिसणार नाही. मला फार वाईट वाटतंय. पण दिसत नाही आणि नाही यांत फरक असतो, हे तुमचंच म्हणणं. शंकेचा फोटो घेऊन मी घरी येणारच. वहिनी, चहाचं आधण ठेवा!

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, तर ते मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय असं समजून आपण पट्टी बांधावी, ही विनंती.