जावयाचं अडकलेलं तोंड

हसा, हसा, बिनधास्त हसा – फक्त तो मोबाईल जरा इकडे करा. हां, हाच! डोळे अर्धे मिटलेले, तोंड आ वासलेलं, खाली लिवलंय 'लाईट कधी येणार?' – हा माझा जावई. मुसअब. आताच्या बोटीनं मांडव्याला उतरतोय, त्यालाच घ्यायला आलोय मी. न्हाय पटत? अहो, दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीचा, जुनेराचा निकाह ह्याच्याशी व्हिडिओवर लागला – हा कुवेतला, सुट्टी न्हाय मिळाली, आणि आम्ही इकडे मांडवात. काझीसाहेबांनी विचारलं, ह्यानं 'कबूल' म्हणायला तोंड उघडलं आणि नेट गेलं! सात मिनिटं दीडशे माणसं त्या उघड्या तोंडाकडे बघत बसलेली. 'कबूल' आलं नंतर, पण तोवर कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलेला.

मग काय! आधी नुसता फोटो, मग खाली वाक्यं आली – 'पगार उद्या', 'बोट चुकली' – मग वाक्यं गेली, नुसतं तोंड कापून स्टिकर झालं, मग ते तोंड गाण्यावर नाचायला लागलं. आंब्याच्या पेटीतून डोकावणारं एक मला पुण्याहून कुणी पाठवलं, मी पोट धरून हसलो – मग लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच जावई!

तो पहिला फोटो टाकला कुणी? जुनेराला वाटतं झियाननं, तिच्या भावानं – त्याच्याच मोबाईलवरून गेलेला ना. दोन वर्षं बोलत न्हाय त्याच्याशी. तो बिचारा शपथा घेतो, आणि मी मधे बसून दोघांना समजावतो – मोठा शहाणा मी! ...असं काय बघताय? व्हय, मीच. हा नुरुद्दीन, बावीस वर्षं कुवेतला गाडी चालवून आलेला इज्जतदार माणूस. झियानचा मोबाईल माझ्या हातात होता, पहिला चुकून गेला, अल्लाशपथ. पण दुसरा, हा तुमच्या हातातला, 'लाईट'वाला – तो मीच लिवला, त्याच्याच मोबाईलवरून. का म्हणजे? रोज सकाळी मी ग्रुपवर गुलाबाची फुलं टाकतो, कुणी ढुंकून बघत न्हाय. इतकी वर्षं बाहेर राहिलो, घरात माझं ऐकायची कुणाला सवयच न्हाय. आणि त्या पहिल्या फोटोला चाळीस हसरे चेहरे आले. चाळीस! चढली मला.

पण तिकडे कुवेतला कुणीतरी ते तोंड मुसअबच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. तेव्हापासून व्हिडिओच लावत न्हाय, नुसता आवाज. आठ महिने झाले. सगळ्या दुनियेच्या मोबाईलात त्याचं तोंड, आणि माझ्या लेकीलाच दिसत न्हाय. गुपचूप हेच स्टिकर उघडून बघत बसते हो ती. हसत न्हाय. लाज वाटते मला.

एक काम करा – माझा फोटो काढा. तुमच्याच मोबाईलात, माझ्या कॅमेऱ्याला तडा गेलाय. थांबा, आ करतो. डोळे अर्धे... हं? पडलेला दात दिसला? दिसू द्या. आता खाली लिवा – 'नेट सात मिनिटं खराब, सासरा दोन वर्षं. फोटो मीच टाकला.' पाठवा मला. आला... हा टाकला ग्रुपवर. मुसअब पण आहे त्यात, झियान पण.

बोट लागली बघा. तो निळ्या शर्टातला – मोबाईल काढला त्यानं. बघतोय. हसला न्हाय... आता तोंडासमोर धरून कुणाशी बोलतोय? जुनेरा! जुनेराच दिसते त्यात – व्हिडिओ लावलाय त्यानं! इकडे बघत पण न्हाय, माझ्या समोरून गेला, बघा.

जाऊ दे. बॅगा तरी उचलतो त्याच्या. तुम्ही निघा आता – आणि तो त्याचा फोटो पुसून टाका. माझा ठेवा.