भोपळा दोघांचाही

“हा भोपळा सुरात आणा, नाहीतर मी निघालो!” बडोद्याचे सतारिये बुवा सतारीवर गवसणी चढवत ओरडले.

“बुवा, आसं काय करतस? बठा ना!” माझे सासरे हात जोडून विनवत होते. सतार, पावरी आणि घरचा पखवाज एकत्र ऐकायची हौस त्यांचीच. सगळं रनाळं गाव ओसरीत दाटून बसलेलं.

पावरी म्हणजे भोपळ्यात नळ्या बसवून फुंकायचं वाद्य. तिचा सूर ती बनवतानाच ठरतो, मग बदलत नाही. ती वाजवणारे रुमाल्याभाऊ सातपुड्यातून दोन दिवस चालत आले होते, आणि त्यांना बोलावणं धाडलं होतं मी. ते पावरी फडक्यात गुंडाळायला लागले. हा माणूस आज असा गेला, तर आमचा उंबरा पुन्हा चढणार नाही, हे मला दिसत होतं.

बुवा तणतणतच होते, “या रानटी वाद्याशी मी का म्हणून जुळवून घ्यायचं?”

मी दाराआड होते. सासूबाईंनी माझा पदर धरला. “चूप ऱ्हाय! पाव्हनासमोर सून बोलस का?”

बोलते की, बायांनो! शाळेची पायरी न चढता, दिराची पुस्तकं चोरून वाचून मी शुद्ध मराठी शिकले होते. बुवांना नीट समजावं म्हणून त्यातच बोलले, आणि त्यांनी चढवलेली गवसणी काढली.

“बुवा, भोपळा तुमच्या सतारीलाही आहे आणि त्यांच्या पावरीलाही, पण खुंट्या एकट्या सतारीला आहेत, तेव्हा कान पिळायचे ते तिचेच!”