आरसीवर मी येऊ न दिलेला शब्द

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मारुतराव आबा, कुरकुंभहून आलेले कंपनीतले साहेब, सत्कारमूर्ती अनुपमाताई, त्यांचे वडील जयसिंगदादा, आणि जमलेल्या समस्त वरवंडकर बंधू-भगिनींनो,

मी सोपानराव, हायवेवरचा गॅरेजवाला. शिक्षण सातवी, पुढचं सगळं हातानं आणि डोळ्यानं शिकलो. हे भाषण लिहून आणलंय. कालपासून तीनदा फाडलं, हे चौथं.

ताई औषध कंपनीच्या लॅबमध्ये होत्या, येत्या रविवारी नोकरीसाठी न्यूझीलंडला निघतात. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचे पाय पॅडलवर चालत नाहीत, हे आपण जाणताच. पाच वर्षांपूर्वी दादा नवी गाडी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सोपानराव, पोरीला न्यायला-आणायला मी कुठवर पुरायचा? हातानं चालंल आशी करून द्या." मी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला दांडी बसवली. पुढं ढकलली की ब्रेक, मागं ओढली की रेस. दांडीच्या पिनेत अर्धा मिलिमीटर ढिलेपणा राहिला म्हणून तीन पिना भंगारात टाकल्या. पहिल्या दिवशी ताई हायवेला लागल्या आणि शेजारी बसलेल्या मला म्हणाल्या, "मामा, डॅशबोर्ड सोडा आता. तुटंल."

हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

तिकडं अशी गाडी करून घ्यायची तर आठ महिने थांबावं लागेल, असं ताईंनीच विचारून ठेवलंय. म्हणून हीच गाडी सोबत न्यायचं ठरलं. परवा शुक्रवारी ती कंटेनरमध्ये चढायची आहे.

आता माझं ऐका. सोमवारी तिकडच्या तपासणीवाल्यांचा फॉर्म आला. ताईंनी मला पाठवला, "मामा, दांडीची मापं भरून द्या." मापं वहीत होती, भरली. शेवटचा प्रश्न असा: या बदलाची नोंद मूळ देशाच्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी-पुस्तकावर, आहे का? नसेल, तर बदल बेकायदा धरून गाडी रस्त्यावर येऊ देणार नाहीत.

नोंद नाही. का नाही, हे मी आजवर तुम्हा कुणाला सांगितलं नाही.

आरटीओची कामं करणारा विक्रम पाच वर्षांपूर्वी, दांडी बसवली तेव्हा, नोंदीचा कागद घेऊन आला होता. गाडीचा वर्ग: 'इनव्हॅलिड कॅरेज'. मी डिक्शनरी काढली. इनव्हॅलिड, म्हणजे अवैध, रद्दबातल. डोकंच फिरलं.

"माझं काम अवैध व्हय रं?"

"मामा, आसंच लिवत्यात. फॉर्मातच हाय."

"आसूदे फॉर्मात. माझ्या कामावर ह्यो शब्द न्हाई पायजे."

"मग नोंद व्हायची न्हाई. साधी गाडी म्हणून ऱ्हाईल."

"ऱ्हाऊदे साधी."

आणि दादांना मी सांगितलं, कागदाचं काम झालं.

सोमवारी तीच डिक्शनरी पुन्हा काढली. त्याच शब्दापुढं दोन नंबरचा अर्थ आहे: आजारानं किंवा अपंगत्वानं अधू झालेली व्यक्ती. तिच्यासाठीची गाडी, एवढाच त्याचा मतलब. अर्ध्या मिलिमीटरसाठी पिना फेकणारा मी, एक नंबरचा अर्थ वाचून पुस्तक मिटलं. पाच वर्षं ताई रोज त्या गाडीतून गेल्या. मध्ये अपघात झाला असता, आणि विम्यावाल्यांनी हाच प्रश्न विचारला असता तर? सोमवारपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

विक्रम काल म्हणाला, "मामा, 'हो' लिवून टाका. यवढ्या लांब कोण बघतंय?" मी पेन उघडलं होतं. पण तिथं गाडी अडली तर माझी अडणार नाही, अनुपमाची अडेल.

दादा, उठू नका. थोडंच राहिलंय.

पोरी, परवा गाडी पाठवू नकोस. उद्या सकाळी मी स्वतः ती आरटीओत नेतो, त्यांना हवा तो शब्द लिहू देतो. ते मला विचारतील, हे बसवायचा तुमचा परवाना कुठाय? परवाना माझ्याकडे नाही, तसंच सांगीन. इंजिनिअरची सही लागली तर आणीन, दांडी उतरवून पुन्हा बसव म्हणाले तर बसवीन. नोंद झाली की पुढच्या जहाजानं गाडी येईल. पण तोवर परक्या गावात दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत तुला बसावं लागणार, ते माझ्यापायी.

आबा घड्याळ दाखवताहेत. मला बोलू दिलंत, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मंडळींनी ते पोटात घालावं. आरसीचं मात्र कुणी पोटात घालू नका. त्याची माफी मी फक्त अनुपमाकडे मागतो. आणि पोरी, ती आत्ता देऊ नकोस. तिकडं तुझ्या दारातून गाडी काढशील, त्या दिवशी फोन कर.