जो उचित लगे

नाही, हा रकाना असा भरता येत नाही — ‘अपेक्षित वेतन’ असं छापलं आहे आणि त्यापुढे तुम्ही लिहिलंत ‘जो उचित लगे’ — कोणाला उचित? देणाऱ्याला? मग खाली अर्जदाराची सही कावून घेतात? — उठू नका, बसा, संघमित्राबाई. मघाशी बाहेर आईशी फोनवर मराठीत बोलून राहिल्या होत्या, म्हणून मीही मराठीतच बोलतो. दयारामशेठला ती कळत नाही. ते काचेपलीकडे बसले आहेत. त्यांनी मले सांगितलं — लड़की को समझाओ, बारह हजार पे लाओ. मी समजावून राहिलो, असं त्यांना तिकडून दिसतं आहे. मान जरा खाली ठेवा — नाही, नको, वरच ठेवा. खोटं दिसणं हेही खोटंच. रोज सकाळी पंचशील म्हणतो, अन् आजकाल चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, जीभ अडखळते.

आणि हे काय? ‘अनुभव — नहीं’? सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पास, दुर्गच्या सीएंकडे तीन वर्षं आर्टिकलशिप — राईस मिलमध्ये बारदाना मोजला की नाही? मोजला. जीएसटीचे रिटर्न भरले? भरले. बँकेचा मेळ कोणी बसवला, तुमच्या सरांनी? — तुम्हीच ना! मग? पगार नाही, स्टायपेंड मिळाला, म्हणून तो अनुभव नाही? खोडा ते ‘नहीं’. फायनल राहिली आहे, ती राहिली असं लिहा. पण जे झालं, ते झालं असंही लिहा. स्वतःला कमी सांगणं म्हणजे नम्रता, असं आपल्या घरांत शिकवतात. ती नम्रता नव्हे. तेही असत्यच आहे, फक्त उलट्या दिशेचं.

मले कसं ठाऊक? — सांगतो. माझं नाव कवडू. हसू आलं तर हसा, इथं सगळेच हसतात. ती बाहेरच्या टेबलावरची गुंजन पाठीमागे ‘कौड़ी सर’ म्हणते, तिला वाटतं मले ऐकू येत नाही. माझ्या आधीची तीन भावंडं गेली. मग आईनं मले सुपात ठेवून शेजारच्या रंभाबाईला देऊन टाकलं आणि एका कवडीला परत विकत घेतलं — आमच्या गावाकडे तशी रीत होती. किंमत कमी दिसली म्हणजे मरणाची नजर पडत नाही म्हणे. धम्मदीक्षा घेतलेलं घर आमचं, वडिलांना ते अजिबात पटलं नाही. पण तीन लेकरं गेलेल्या बाईला कोण काय बोलणार?

मी जगलो. आणि तीच रीत नोकरीत घेऊन आलो. सव्वीस वर्षांपूर्वी, याच टेबलावर, याच रकान्यात मी लिहिलं होतं — ‘जो उचित लगे’. हेच तीन शब्द. मीही इंटरच. फायनल तीनदा दिली, मग लग्न, मग हर्षा झाली, मग दिली नाही. आधी शेठजींच्या वडिलांनी उचित लावलं, नंतर शेठजींनी लावलं. मी तोंडानं कधी आकडा उच्चारला नाही. वाटायचं, स्वस्त आहे तोवर आपल्याला कोणी काढणार नाही. — किती? मले विचारता? … विचारलंच पाहिजे. चोवीस हजार. सव्वीस वर्षांनंतर. माझा पुतण्या प्रफुल, तुमच्याच इतका शिकलेला, रायपूरला अठ्ठावीस घेऊन राहिला.

म्हणून अठ्ठावीस लिहा. — थांबा. पेन खाली ठेवा. एक गोष्ट राहिली. ती न सांगता सल्ला दिला तर तो सल्ला नव्हे, चोरी आहे. ही जागा नवीन नाही. मी बसलो आहे, तीच ही खुर्ची. तीन महिने तुम्हाला काम शिकवायचं आणि मी घरी जायचं, असं ठरलं आहे. स्वस्त होतो, तरी काढलं — आणखी स्वस्त मिळून राहिलं म्हणून. तुम्ही बारा लिहिले तर मी जातो. अठ्ठावीस लिहिले तर शेठजी तुम्हाला घेणार नाहीत, आणि मी राहतो. वडिलांची ड्युटी कायमची सुटली, घरी गरज आहे, हे तुम्ही मघाशीच सांगितलं. आज बारा हजारही तुमच्या घरी थोडे नाहीत. मग मी तुमच्या हिताचं बोलून राहिलो, की माझ्या? — मले ठाऊक नाही. सकाळपासून शोधून राहिलो. दोन्ही हितं एकाच आकड्यात अडकली आहेत, सोडवता येत नाहीत.

आता तुम्हीच लिहा. आकडा लिहा, शब्द नको. मले दाखवू नका. — लिहिलं? शाई वाळू द्या. घडी घाला, इथं ठेवा. — असं कावून पाहता माझ्याकडे? जा, बेटा, बोरसीचा ऑटो चौकातून मिळेल. दार उघडंच राहू द्या, शेठजी येऊन राहिले.

जी, शेठजी. जी, समझाया.

नहीं जी. कम नहीं करवाया.