हरपलेलं विमान अन् बिनफोडनीचं पिठलं

"…कौशल्याबाईचा इंद्रभान, त्याच विमानात…" एवढंच ऐकलं जी मी, एवढंच. पुढचं त्या मेल्या चक्कीनं खाल्लं. उकंडरावानं नेमका तेव्हाच पट्टा चढवला, इंजिन पुक पुक करायले लागलं, अन् पोस्टमन मोतीराम बोलूनच राह्यला होता, तोंड हलत होतं, हात हलत होते, मले काही आयकू येईना… आता तुम्ही म्हनसान, थांबाले काय झालं होतं? सारं देऊळघाट मले तेच म्हनून राह्यलं. पन अशी गोष्ट कानावर पडल्यावर मानूस थांबते का? दळनाचा डबा तिथंच टाकला अन् पळाली घरी. वाटेत तीन बाया भेटल्या, "काऊन पळता वं चांगुणाबाई?" म्हने. तुम्हाले सांगते, मी एक शब्द बोलली नाही.

कोनतं विमान म्हनता? अहो, चीनची लढाई होऊन वरीस नव्हतं झालं तवाची गोष्ट, आसामाकडून कलकत्त्याले येनारं विमान हरपलं. पडलं नाही, जळलं नाही, हरपलं. बकरी हरपली तं कोंडवाड्यात तरी सापडते, हे एवढं मोठं धूड, पोटात मानसं भरलेली, अन् कुठंच नाही? आठ दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी सारं गाव बसून. नारायणराव म्हने, "चीननं दोरी टाकून ओढून नेलं." कडूबा म्हने, "लोणारच्या तळ्यात पाहा लेकहो, तिथं आधीही एकडाव आभाळातूनच पडलं होतं." आशाबाई म्हने, "मी सांगते, चालवनाऱ्याचं घरी पटत नसन. गेला हिमालयात साधू व्हायले, बाकीचे फुकट गेले त्याच्यासंग." अन् मी? मीही मागं राह्यली नाही बाप्पा. मी म्हनलं, ढग दाट असतीन, रुतलं असन, काळ्या मातीत बैलबंडी रुतते तसं, ऊन पडलं की निंघन. लय हासले सारे. कौशल्याबाईही हासली. मजा घेतली जी आम्ही आठ दिवस, काऊन नाही घेनार, लोकाईचं विमान होतं ना…

अन् आता म्हने इंद्रभान त्याच विमानात.

कौशल्याबाई म्हनजे आमची भिंतीला भिंत. तिचा एकुलता एक पोरगा तिकडे आसामातच रस्त्याच्या कामावर स्टोअरकीपर. मागच्या महिन्यात कार्ड आलं होतं, सुटीवर येतो म्हनून. कशानं येतो ते लिहिलं नव्हतं. अन् मायले तं काहीच ठाव नाही, ती अंगनात बाजेवर शेवया वाळू घालून राह्यली, सून सत्यभामा पोपडे धरलेली भिंत सारवून राह्यली, नवरा येनार म्हनून हातात नव्या बांगड्या. मी भिंतीवरून पाह्यलं. कोन्या तोंडानं सांगू? सांगा ना, तुम्ही सांगितलं असतं?

आता आमच्याकडची रीत तुम्हाले माहीत हाये. ज्या घरी मौत झाली त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीन पिठलं-भाकर करून नेते. पिठल्याले फोडनी नाही द्याची, उंबऱ्यापाशी ठेवाचं, अन् बोलाचं नाही. बस. मी म्हनलं, देवा, आपल्याच्यानं दुसरं काय होते? रडत रडत बेसन कालवलं, नऊ भाकरी थापल्या, टोपल्यात घातल्या, वरून फडकं, अन् गेली. मले कोनी नावं ठेवतीन तवा हे आठवा, मी एक शब्द बोलली नाही.

कौशल्याबाई म्हने, "काय आनलं वं चांगुणा? आज काय सन हाये का?" फडकं उचललं, बोट घातलं पिठल्यात, चाटलं. अन् तिचं तोंड जे उतरलं ना… पुन्हा बोट घातलं. पुन्हा चाटलं. मंग माह्याकडे पाह्यलं. "कोन?" म्हने. फक्त एवढंच. अन् मी काय करू, मी पदर लावला डोळ्याले, अन् तिच्या सुनेकडे पाह्यलं. बोलली नाही, पाह्यलं फक्त. संपलं. ती बाई तिथंच शेवयांवर बसली.

पुढचं काय सांगू. अर्ध्या घंट्यात अर्धं गाव अंगनात. झुंबरबाई आली, म्हातारी, सारं जानते, तिनं सरळ सत्यभामेचा हात धरला, "चाल वं पोरी, उंबऱ्यापाशी बस," म्हने. पोरगी पांढरी फक. बांगड्या फुटनारच होत्या, तं कौशल्याबाई उठली. "हात सोड तिचा," म्हने. "विमान सापडलं का?"

"नाही वं, पन…"

"मंग? सापडलं नाही तं बांगड्या कशाच्या फोडता?"

अन् तिनं काय केलं माहीत हाये? साऱ्याईले एकेक करून विचाराले लागली. "नारायणभाऊ, तुम्ही म्हनत होते चीननं नेलं. खरं हाये का?" नारायणराव काल छाती ठोकून सांगत होता, आज जमीन पाहून राह्यला. "म्हनतात तसं, वैनी," म्हने. मंग ती माह्याकडे वळली. "चांगुणा, चीनवाले जेवाले देत असतीन ना वं?"

"देतात ना," म्हनलं. "भात देतात."

"त्याले भात आवडत नाही," ती म्हने, अन् पुन्हा बसली.

तुम्हाले सांगते, त्या घडीले मले वाटलं, जमिनीनं घ्यावं मले पोटात. ढगात रुतलं म्हनून लोकाईले हासवनारी मीच ना?

चार वाजता सायकलची घंटी वाजली. मोतीराम. माह्या पिठाचा डबा मागं बांधलेला, अन् अंगनातली गर्दी पाहून त्याचा पाय पायडलवरच राह्यला. "काय झालं बे?" कडूबानं सांगितलं. "कोन म्हने?" मोतीराम म्हने. "इंद्रभान? अहो त्याचंच कार्ड हाये ना माह्याजवळ, सकाळी चक्कीवर मी तेच तं सांगत होतो, म्हनलं दळन झालं की नेऊन देतो…" अन् काढून वाचलं सगळ्याईसमोर. इंद्रभाननं लिहिलं होतं, साहेबानं त्या हरपलेल्या विमानाचंच तिकीट काढून देलं, पेटी चढलीही होती, तं एक मास्तर हात जोडत आला, पोरगी लय बिमार हाये म्हने, जागा नाही. मी त्याले माही जागा देली. पेटी गेली. मी पुढच्या बुधवारी रेल्वेनं मलकापूरले उतरतो. मायले लुगडं घेतलं होतं, ते पेटीत गेलं.

म्हनजे पाहा, मी अगदीच खोटं नव्हतं ऐकलं. अर्धं खरं होतं. त्याच विमानात होती ना पेटी? पन हे कोनाले सांगता, मोतीरामनं माह्याकडे असं पाह्यलं…

सत्यभामा भिंतीशी टेकून रडाले लागली, बाया हासाले लागल्या, झुंबरबाईनं तिच्या हातावरून हात फिरवला. अन् कौशल्याबाईनं पुसलं, "मोतीराम, त्या मास्तरचं नाव लिहिलं का?"

"नाही जी."

"गाव?"

"नाही."

मंग टोपल्याकडे पाहून हळूच म्हने, "त्याच्या घरी कोनी पिठलं नेलं असन का वं, चांगुणा?"

विमान तं आजही सापडलं नाही.

टोपलं मी परत आनलं. मौतीचं जेवन, ना त्या घरी ठेवता येते, ना ढोराले घालता येते. नऊच्या नऊ भाकरी मी एकटीनं खाल्ल्या, तीन दिवस, आमचे हे जवळ बसेनात. एकेक घास त्या मास्तरच्या नावानं घेतला. बिनफोडनीचं पिठलं घशाखाली उतरत नाही, उतरवलं.

इंद्रभान आला बुधवारी, वाळला होता जरासा. कौशल्याबाई बोलते माह्याशी, नाही असं नाही. पन आता वाटीभर जवसाची चटनी जरी घेऊन गेली ना, तं बाई आतूनच आवाज देते, "फोडनी देली का वं?" आता जवसाच्या चटनीले कोन फोडनी देते? पन मी उंबऱ्याबाहेरच थांबते अन् म्हनते, "देली वं माय, देली."