सात आठे चोपन्न

कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आजीबाईंचा नंबर दुसरा होता. पहिल्या खुर्चीवर एक बाई बसली होती, आणि आजीबाईंचे कान तिच्या आणि दुरुस्तीवाल्याच्या बोलण्याकडेच लागले होते.

"ताई, ही फाईल म्हणजे अख्ख्या जुन्या डिस्कची नक्कल आहे. ती उघडली, पण आतला प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही."

"असं नका म्हणू, दादा. मी दुसरीत असताना बाबांनी माझ्यासाठी बनवला होता तो. आता त्यांचा आवाज तेवढ्यातच उरलाय."

"मग नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन उभं करतो. प्रोग्रॅमला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत."

"मलाही असंच फसवून सासरी आणलं होतं," आजीबाई म्हणाल्या.

"थांबा हं, आजी. चाललं बघा, ताई! पाढे विचारतोय. सात आठे किती?"

"चोपन्न." तिने आकडा दाबला.

खरखरत एक पुरुषी आवाज आला, "चुकलं गं चिमणे. घाई नको करू. पुन्हा सांग."

"चोपन्न."

"चुकलं गं चिमणे. घाई नको करू. पुन्हा सांग."

"अगं, छप्पन्न! मी दोन यत्ता शिकलेली बाई, मला येतं. तू एवढी घोडी झालीस आणि—"

"मलाही येतं, आजी. पण उत्तर बरोबर आलं की नुसती घंटा वाजते. बाबा बोलतात ते चुकल्यावरच."

"आजी, द्या तुमचा मोबाईल, तोवर बघतो."

"माझं काही अडलेलं नाही. तू गप बस, आणि तिला आधी पोटभर चुकू दे."